सायकलचा दिवा : डायनामो कीं बॅटरी ?

संध्याकाळची शिकवणी आटोपून सायकलवरून घरीं परतणारे आमचे विद्यार्थिबंधु व भगिनी पाहिल्या म्हणजे एक गोष्ट आमच्या मनास नेहमीं खटकते. सायकल नवी असते, तिला गिअर असतात, पाण्याची बाटली ठेवण्याची सोय असते, पण दिवा मात्र नसतो. पालकांनीं हजारों रुपये मोजले आणि ज्या वस्तूवर मुलाचा जीव अवलंबून, ती तेवढी राहून गेली ! बरें, दिवा घ्यावयाचा ठरलें तर तो डायनामोचा घ्यावा कीं बॅटरीचा, याचा घरांत खल सुरू होतो व दिवा पुन्हां लांबणीवर पडतो. म्हणून आमचें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. खडकीच्या कारखान्यांकडे जाणारे कामगार काय किंवा लकडी पुलावरून कॉलेजांत जाणारे विद्यार्थी काय, सारे सायकलवरच. दिव्यावांचून रात्रीं सायकल हांकणें हा त्या वेळीं गुन्हा असे. वडीलधारीं माणसें अद्याप सांगतात कीं, चौकांत पोलीस आडवा आला म्हणजे "आत्तांच विझला हो, हवालदारसाहेब !" असें म्हणावयाचें, आणि हवालदारानें दिवा चाचपून तो गरम आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. थंड लागला कीं चाकांतील हवा गेलीच ! घासलेटाचा दिवा वाऱ्यानें विझे, ही सबब तरी त्या मंडळींस होती. आम्हांस ती नाहीं.

चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या हालचालीनें वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलें. डायनामो त्याच तत्त्वावर चालतो. टायरला टेकलेलें त्याचें मुंडकें चाकाबरोबर फिरतें, आंतील चुंबक फिरतो आणि ६ व्होल्ट दाबाची सुमारें ३ वॅट वीज मिळते. सेल नको, चार्जिंग नको. विसराळू मुलास (आणि कोणतें मूल विसराळू नाहीं ?) याहून चांगला सोबती नाहीं. मात्र पायडल थोडें जड लागतें, आणि पावसाळ्यांत मुंडकें ओल्या टायरवर घसरून ऐन अंधारांत दिवा मिणमिणूं लागतो. १९३६ सालीं इंग्लंडांतील स्टर्मी-आर्चर कंपनीनें चाकाच्या हबमध्येंच बसणारा डायनामो काढला. त्यानें घसरण्याचा दोष गेला. परंतु सायकल थांबली कीं दिवा विझतो, हा दोष उरलाच. थांबल्यावरही कांहीं वेळ जळत राहणारे डायनामोचे दिवे आतां निघाले आहेत, पण ते महाग पडतात.

आमच्या मतें पुण्यांत हाच दोष सर्वांत मोठा. मुख्य रस्त्यांवर महानगरपालिकेचे दिवे आहेत. तेथें मुलास रस्ता दिसत नाहीं असें नव्हे, तर मूल इतरांस दिसत नाहीं. कर्वे रस्त्यावर सिग्नलला पाय टेकून उभें असलेलें मूल मागून येणाऱ्या बसच्या चालकास दिसावें तें कशानें ? येथें बॅटरीचाच दिवा हवा. पूर्वीच्या बल्बापायीं सेल लवकर संपत, तो काळ गेला. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडच्या शोधामुळें अल्प विजेंत पांढरा उजेड मिळूं लागला. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेक सायकलींस डायनामोच हवा असा नियम करणाऱ्या जर्मनीनेंही २०१३ सालीं बॅटरीच्या दिव्यास मुभा दिली.

तथापि डायनामोस अडगळींत टाकावें असें आम्ही म्हणत नाहीं. गतवर्षीं आम्ही चौघे सिंहगडाहून परतत असतां खडकवासल्याच्या अलीकडे अंधार पडला. तिघांचे बॅटरीचे दिवे एकामागून एक मंदावले. आणि चौथ्याच्या आजोबांच्या जुन्या सायकलीवर जो डायनामो होता, ज्याची आम्हीं सकाळीं यथेच्छ थट्टा केली होती, त्याच्याच उजेडांत सर्वजण मुकाट्यानें घरीं आलों. जेथें रस्त्यावर दिवे नाहींत आणि थांबणेंही फारसें नाहीं, तेथें त्याच्यासारखा तोच.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, एकच दिवा घेणें शक्य असेल तर प्रथम मागील तांबडा घ्यावा, व तो बॅटरीचा घ्यावा. पुढील दिवा मागाहून घेतला तरी चालेल, पण गांवाबाहेरून येणाऱ्या मुलास तोही आरंभींच हवा, आणि त्यास डायनामो उत्तम. शाळेंत पोंचल्यावर बॅटरीचा दिवा काढून दप्तरांत टाकावा. सायकलतळावर राहिलेला दिवा पुन्हां दिसेलच असें नाहीं. चार्जिंगची आठवण राहत नाहीं, अशी तक्रार आमचे कांहीं मित्र करितात. त्यांनीं दिवा रात्रीं मोबाइलच्या शेजारींच लावून ठेवावा. मोबाइल चार्ज करण्यास कोणी विसरल्याचें अद्याप आमच्या ऐकिवांत नाहीं.