गळका पोहरा

जुन्या वस्तूंचा मोठा गुण म्हणजे त्या उलटून बोलत नाहीत. त्यामुळे घरात काही बिघडलं, की पहिला आळ त्यांच्यावर. भाजी करपली, पातेलं जुनं झालं. गाडी चुकली, घड्याळ जुनं झालं. आणि टीव्हीवर व्हिडिओ गेमचं चित्र पुसट आलं, की घरातला प्रत्येक जाणकार (हल्ली घरात अजाणकार कुणी उरलेलंच नाही) एकाच सुरात निकाल देतो, "डबा गेला. फेकून द्या."

या निकालाविरुद्ध मी आज जाहीर अपील दाखल करत आहे. डबा निर्दोष आहे. गुन्हेगार आहे ती वायर, आणि तिला डब्यासोबत फुकट देणारे तिचे साथीदार.

आता कुणी म्हणेल, लोक औंढ्याला नागनाथाच्या आणि तुमच्या शिरड शहापुरात मल्लिनाथाच्या दर्शनाला येतात. तिथं बसून वायरीची कैफियत कसली मांडता? तर मंडळी, हे डबे आमच्याकडेही आले होते. १९९०च्या दशकात 'लिटल मास्टर' वगैरे नावांनी जे गेम भारतभर विकले गेले, ते म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम'च्या नकला. कॅसेटवर ठळक अक्षरांत '९९९९ गेम' असं छापलेलं असे. आत असत मोजून दहा-बारा, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. मराठवाड्यातल्या माणसाला याचं काही वाटलं नाही. सरकारी योजनांच्या याद्या वाचून त्याची तयारी आधीच झालेली होती.

पुढं २००० साली सोनीचं 'प्लेस्टेशन २' निघालं. त्यातलं एक, काही वर्षांनी, आमच्या पुतण्यानं नांदेडला शिकताना घेतलं आणि नोकरी लागल्यावर, भाकड गाय काकांच्या गोठ्यात बांधावी तसं, माझ्या कपाटात आणून ठेवलं. सुट्टीत लेकरं ते काढून क्रिकेट खेळत. धावफलकावर ३८ आहेत, ३३ आहेत की ८८, यावरून मारामाऱ्या होत. पुतण्या म्हणाला, "काका, कशाला डोळे फोडून घ्यायलात? नवीन घ्या की!"

ही नवीन घ्यायची हाक ऐकली की माझ्या अंगात वकील संचारतो.

मुळात भानगड काय आहे ते ऐका. टीव्हीच्या चित्रात दोन गोष्टी असतात : उजेड-अंधार आणि रंग. डब्याच्या मागून निघणारी ती सुप्रसिद्ध पिवळी वायर या दोन्ही गोष्टी एकत्र कालवून नेते. भारतात वापरलेल्या 'पाल' पद्धतीत रंगाचा संदेश साधारण ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवतात आणि ती लहर उजेडाच्या संदेशातच मिसळतात. म्हणजे वरण, भात, मठ्ठा आणि जिलबी एकाच डब्यात भरून पाठवायची आणि खाणाऱ्याला सांगायचं, "आता घ्या वेगवेगळं करून!" टीव्ही बिचारा प्रयत्न करतो. पण जिलबीला मठ्ठा लागतोच. म्हणून लाल रंग रेषेबाहेर ओघळतो, अक्षरांच्या कडेनं मुंग्या चालतात आणि बारीक पट्ट्यांच्या सदऱ्यावर नसलेलं इंद्रधनुष्य उगवतं. जुने डबे तर याहून थोर. ते त्यात आवाजही कोंबत आणि सगळा लगदा अँटेनाच्या भोकातून टीव्हीत सोडत. तेवढ्यापुरता तो डबा स्वतःला दूरदर्शन केंद्र समजत असे.

हे कालवण ज्यांनी शोधलं ते इंजिनिअर मूर्ख नव्हते. रंगीत प्रक्षेपण जुन्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरही दिसावं आणि हवेतली तेवढीच जागा पुरावी, म्हणून त्यांनी ही काटकसर केली. १९८२ साली आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं, तेव्हा ज्यांच्या घरी काळा-पांढरा संच होता त्यांनाही दिल्लीचं एशियाड दिसलं, ते याच काटकसरीमुळं. त्या इंजिनिअरांना माझा साष्टांग नमस्कार. पण मी विचारतो, दिल्लीहून हवेतून येणाऱ्या चित्राला काटकसर हवी हे मान्य. टीव्हीखालच्या कपाटातून टीव्हीच्या पाठीपर्यंतच्या दोन हातांच्या प्रवासाला कसली काटकसर?

उत्तर साधं आहे. खोक्यात स्वस्तातली वायर घातली की चार पैसे वाचतात. प्लेस्टेशन २च्या आत रंग आणि उजेड वेगवेगळे, स्वच्छ तयार असतात. त्याच मागच्या सॉकेटातून ते वेगवेगळे बाहेरही काढता येतात. फक्त त्यासाठी 'कंपोनंट' नावाची दुसरी वायर लागते, आणि ती वेगळी विकत घ्यावी लागते. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथं आडात पाणी काठोकाठ आहे आणि पोहऱ्याला भोक! तरी लोक आड बुजवायला निघाले आहेत.

मी ती वायर मागवली. आता आमच्या गावाचं नावच कालवलेल्या संदेशासारखं आहे. अर्ध्या जगाला त्यात शिर्डी ऐकू येतं आणि उरलेल्याला ठाणे जिल्ह्यातलं शहापूर. कुरिअरवाल्या पोराचा फोन आला, "साहेब, शहापूर स्टँडवर उभा आहे, घर कुठं?" तो कुठल्या स्टँडवर उभा होता हे तुम्ही ओळखलंच असेल. दोन नावं एका पत्त्यात घातली की घेणाऱ्याला ती वेगळी करता येत नाहीत, याचा इतका रोकडा पुरावा मला मागूनही मिळाला नसता.

वायर आली. तिला पाच टोकं : चित्रासाठी लाल, हिरवं, निळं आणि आवाजासाठी लाल, पांढरं. दोन लाल का, हे विचारू नका. ज्यानं हे ठरवलं त्याच्या घरी दोन जावा एकाच नावाच्या असाव्यात. शिवाय लाल-हिरवं-निळं दिसलं म्हणून त्यातून लाल, हिरवा, निळा रंग वाहतो असं मुळीच नाही. हिरव्या वायरीतून उजेड जातो. बाकीच्या दोघींतून रंगांचे फरक. डब्याच्या मेनूत जाऊन कंपोनंटपुढचं 'आरजीबी' बदलून 'वाय'नं सुरू होणारं दुसरं नाव निवडावं लागतं, नाहीतर पडद्यावरची माणसं भलत्याच रंगात न्हातात. एवढं केलं आणि धावफलकावर स्वच्छ अक्षरांत ३३ दिसले. लेकरांचं भांडण मिटलं, म्हणजे दुसऱ्या विषयावर गेलं.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. पहिला पक्ष सोन्याचा मुलामावाल्यांचा. "साहेब, गोल्ड प्लेटेड घ्या, चित्र उजळेल!" सोन्यानं टोक गंजत नाही, इतकंच. चित्र सुधारतं ते प्रत्येक संदेशाला स्वतंत्र तार, त्या तारेभोवती घट्ट विणलेली जाळी आणि आतला ७५ ओहमचा हिशेब सांभाळल्यामुळं. जाळी नसेल तर आवाजाची गुणगुण चित्रात शिरते आणि चित्राची आवाजात. सोन्याचं टोक लावलेली पिवळी वायर ही शेवटी पिवळीच वायर.

दुसरा पक्ष हळव्यांचा. त्यांचं म्हणणं, पुसट चित्रातच खरी मजा. यांच्या बाजूनं एक पुरावा आहे आणि तो मी दडपणार नाही. सेगाच्या मेगाड्राइव्हवरच्या १९९१च्या 'सॉनिक'मध्ये धबधबा उभ्या पट्ट्यांनी रंगवलेला आहे. पिवळी वायर त्या पट्ट्या कालवते आणि पाणी पारदर्शक दिसतं. चांगली वायर लावली की धबधब्याची जाळीची खिडकी होते. हे खरं आहे. पण एका धबधब्यासाठी सगळा गाव धुक्यात ठेवायचा का? ज्याला धुकं हवं त्यानं ते निवडून घ्यावं. माझी तक्रार ते न विचारता गळ्यात बांधण्याबद्दल आहे. (ही मेगाड्राइव्ह आपल्याकडे विकायला १९९०च्या दशकात पुढं आली ती दारूसाठी नावाजलेली शॉ वॉलेस. तेव्हा पुसट दिसण्याचा पुरस्कार त्यांनी केला असता तर समजण्यासारखं होतं.)

तिसरा पक्ष, "वायरीनं सगळंच सुधारेल" म्हणणाऱ्यांचा. नाही सुधारणार. त्या ९९९९ गेमवाल्या नकलेत रंग आणि उजेड चिपच्या पोटातच कालवले जातात. तिथं अँटेनाच्या भोकाऐवजी पिवळी वायर वापरली तर मोठाच फरक पडतो. पण त्यापुढं वायरीचं काही चालत नाही, डबाच उघडावा लागतो. तिथं आडातच नाही, आणि ते आड बघून सांगावं.

माझं भांडण आड न बघता निकाल देणाऱ्यांशी आहे, आणि ही माणसं फक्त टीव्हीपुढं बसत नाहीत. आमच्याकडचा पोरगा शहरात मुलाखतीला जातो आणि अडखळतो, की लगेच, "मराठवाड्याचा ना? तरीच!" त्याच्यापर्यंत पुस्तकं, शिक्षक, वीज आणि मोबाइलची रेंज कुठल्या वायरीतून आली हे कुणी विचारत नाही. भरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना शेवटच्या पानावर चाक गरगरत राहतं, मुदत संपते, आणि शेरा बसतो पोरावर. पोरगं स्वच्छ असतं हो! पोहरा गळका असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कुठलीही वस्तू किंवा माणूस मोडीत काढण्याआधी एकदा मागं वाकून बघावं, वायर कुठली लावली आहे. एवढं वाकायला फार तर कंबर दुखेल.

त्या पिवळ्या वायरीचं काय झालं, असं विचाराल तर ती फेकली नाही. आमच्या हिनं परसात दोडक्याचा वेल तिनं खुंटाला बांधला आहे. दोडकी उत्तम आली आहेत. तिला योग्य काम तेवढं हवं होतं.