प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले आपले लोक गेले कुठे?

कुठलीही नामांकित सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा घ्या. तिच्याकडे माजी संशोधकांची एक यादी असते. कोण अमेरिकेत पोस्टडॉक करतो आहे, कोण विद्यापीठात सहायक प्राध्यापक झाला, कोण लस बनविणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला, हे त्या यादीत अभिमानाने नोंदविलेले असते. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्याच प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षे राबलेली आपली मुले पुढे कुठे गेली, हा प्रश्न ती यादी कधी विचारत नाही. तो आंबेडकरी समाजानेच विचारला पाहिजे.

संशोधकाचे भवितव्य केवळ त्याच्या बुद्धीवर ठरते, असे आपल्याला सांगितले जाते. हे खरे आहे काय? ज्याच्या नावाने परळची संस्था उभी आहे, त्या वाल्डेमार हाफकिनचेच उदाहरण पाहू. ओडेसाचा हा विद्यार्थी थोर शास्त्रज्ञ मेचनिकॉफचा शिष्य. बुद्धी तल्लख, पण तो जन्माने ज्यू. झारच्या रशियात धर्म सोडल्याशिवाय त्याला प्राध्यापकपद मिळणार नव्हते. त्याने धर्म सोडला नाही, देश सोडला. १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो दाखल झाला तो ग्रंथालयातल्या साध्या जागेवर. गुरू मेचनिकॉफ तिथे आधीच पोहोचले होते आणि त्यांनी शिष्याला हात दिला. जन्माने एक दार बंद केले, गुरूच्या आधाराने दुसरे उघडले. त्यानंतरच १८९२ ची कॉलऱ्याची लस आणि १८९७ ची प्लेगची लस जगाला मिळाली.

१९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचल्यानंतर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळा ठपका हाफकिनवर ठेवण्यात आला. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्यासाठी रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे त्याची बाजू घ्यावी लागली. शास्त्रज्ञाच्या आयुष्यात असा प्रसंग येतोच. अशा वेळी पाठीशी कोण उभे राहते, यावर पुढचे सारे ठरते. आमच्या मुलाचा प्रयोग फसला, तर त्याच्यासाठी कोण पत्र लिहितो?

याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहा. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनने काम सुरू केले तेव्हा त्याच्या हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते. हाफकिनचे नाव संस्थेला मिळाले. त्या तीन शिपायांचे पुढे काय झाले, हे कोणाला ठाऊक आहे? तेही त्या प्रयोगशाळेचे माजी सदस्यच होते! त्याच १८९७ साली, १० मार्चला, सावित्रीमाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पोराला त्यांनी पाठीवर घेतले होते. रोगाशी लढताना जीव देणारे आमचे, रोगावरच्या शास्त्रात जागा मात्र दुसऱ्यांची, ही वाटणी तेव्हापासूनची आहे.

आज काय परिस्थिती आहे? एमएस्सी, मग नेट-जेआरएफ, मग पीएचडी, मग पोस्टडॉक आणि शेवटी नोकरी, अशी ही शिडी आहे. प्रवेशापर्यंत आरक्षणाचा आधार असतो. पीएचडीसाठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिपही आहे. पण पोस्टडॉकच्या पायरीवर हा आधार संपतो. तिथे मार्गदर्शकाचे शिफारसपत्र चालते, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे हे चालते, परिषदेत कोणी कोणाशी ओळख करून दिली हे चालते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, त्याला ही ओळख कुठून मिळणार? शिक्षक अशा विद्यार्थ्यांकडे कसे पाहतात, हे दिल्लीच्या एम्सबाबत थोरात समितीने २००७ सालीच लिहून ठेवले आहे.

मग हा मुलगा खाजगी कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात रात्रपाळी करतो. तिथे आरक्षण नाही. कोणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो, कोणी कंत्राटी प्रकल्पावर राबतो, कोणी तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो, कोणी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावतो. यातले कुठलेही काम हलके नाही. परंतु जो संशोधन करू शकत होता, त्याला संशोधन सोडावे लागले, हे नुकसान कोणाचे?

हे आपोआप घडत नाही, त्यासाठी नियम आहेत. १९९२ च्या मंडल निकालात संशोधन संस्थांमधील वैज्ञानिक व तांत्रिक पदांना आरक्षण योग्य ठरणार नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने नोंदविले. २०१९ च्या केंद्रीय शिक्षक आरक्षण कायद्याने टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या संस्थांना ‘उत्कृष्टते’च्या नावाखाली सूट दिली. म्हणजे उत्कृष्टता आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाही, असे कायद्यानेच गृहीत धरले! २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विभाग हा घटक धरून १३ बिंदूंचे रोस्टर आणले, तेव्हा अनुसूचित जातीला जागा मिळत होती सातव्या क्रमांकावर. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तीन-चार शिक्षकांच्या विभागात सातवी जागा उगवणार कधी? देशभर आंदोलन झाले, म्हणूनच २०१९ साली सरकारला माघार घ्यावी लागली. बार्टीच्या फेलोशिपसाठीही २०२३ साली आमच्या संशोधकांना प्रयोगशाळा सोडून आझाद मैदानात बसावे लागले. जीवाणूंचे संवर्धन टाकून मांडवात बसणाऱ्याचे संशोधन किती मागे पडत असेल, याचा हिशेब कोण ठेवतो?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी देशात वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये मागितले होते. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, विज्ञानात शिरले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. आपण शिकलो, संघर्षही केला. पण विज्ञानाच्या क्षेत्रात संघटित झालो काय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्या माजी संशोधकांची प्रवर्गनिहाय माहिती दरवर्षी जाहीर करावी. किती आले, किती पीएचडी होऊन बाहेर पडले, किती मध्येच गळाले आणि आज ते कुठे आहेत, हे समाजाला कळले पाहिजे. पोस्टडॉकसाठी स्वतंत्र फेलोशिप हवी आणि ‘उत्कृष्ट’ संस्थांची सूट रद्द झाली पाहिजे.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. आमचे जे बांधव औषध कंपन्यांत, विद्यापीठांत, परदेशी प्रयोगशाळांत पोहोचले, त्यांनी मागच्याला हात दिला पाहिजे. एका विद्यार्थ्याचा अर्ज तपासणे, एका मुलीला मुलाखतीची तयारी करून देणे, एक प्रामाणिक शिफारसपत्र लिहिणे, याला पैसा लागत नाही. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा परदेशी परिषदेला निघालेल्या संशोधकाच्या तिकिटासाठी ठेवायला काय हरकत आहे? हाफकिनला मेचनिकॉफ भेटला. आमच्या मुलांना तो भेटेलच याची वाट पाहत बसण्यापेक्षा, जे पुढे गेले त्यांनीच ते काम अंगावर घ्यावे. बाबासाहेबांच्या रथाला ओढणारे हात प्रयोगशाळेतही लागणार आहेत.