गाडी मिळेल, पण चालवणार कोण?

ब्रिटनमधल्या अनेक खेड्यांत कम्युनिटी बस धावते. सोळा प्रवाशांची छोटी मिनीबस. चालवणारे बरेचदा गावातलेच निवृत्त काका किंवा काकू, तेही बिनपगारी. जिथे नेहमीची बस येत नाही, तिथल्या आजी-आजोबांसाठी दवाखाना आणि बाजार याच बसमुळे जवळ येतो.

१९८५ च्या वाहतूक कायद्यात अशा ना-नफा संस्थांसाठी दोन खास परवाने आहेत. कलम १९ च्या परवान्यावर फक्त ठरावीक गटाला किंवा सभासदांना नेता येतं. कलम २२ च्या परवान्यावर ठरलेल्या मार्गावर कुणालाही तिकीट देता येतं.

मग अडचण कुठे आहे? देणग्या गोळा करून गाडी घेता येते. चालक मिळणं मात्र वर्षागणिक अवघड होतंय.

१ जानेवारी १९९७ पूर्वी ज्यांनी कारचं लायसन्स काढलं, त्यांना मिनीबस चालवायची मुभा, म्हणजे 'डी-१', आपोआप मिळाली. त्यानंतरच्यांना वैद्यकीय तपासणी आणि वेगळी परीक्षा द्यावी लागते. फुकट सेवा करायची आणि त्यासाठी वेळ, पैसा घालून परीक्षाही द्यायची, याला किती तरुण तयार होतील? त्या वेळी सतरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचेचाळिशी ओलांडून गेलाय. दुसरीकडे, सत्तरीनंतर डी-१ टिकवायला पुन्हा तपासणी लागते. म्हणजे जुने चालक कमी होतात आणि नवे येत नाहीत.

थोडी सवलत आहे. बिनपगारी चालकाला काही अटींवर साध्या लायसन्सवर हलकी मिनीबस चालवता येते. पण वजनाची मर्यादा साडेतीन टन, आणि अपंगांसाठीची सोय असेल तर सव्वाचार टन. व्हीलचेअरची लिफ्ट बसवली की गाडी जड होते, म्हणून ती मर्यादा सांभाळावी लागते.

आपल्याकडेही शहराबाहेरच्या सोसायट्यांत 'सगळे मिळून एक मिनीबस घेऊया' अशी चर्चा होते आणि ती गाडीच्या किमतीपासून सुरू होते. त्याआधी हे प्रश्न विचारा:

• नेहमीचा चालक आजारी पडला, तर बदली कोण?
• पाच वर्षांनी गाडी कोण चालवणार?
• फोन घेणं, फेऱ्या ठरवणं, हिशेब ठेवणं कुणाकडे?
• परवान्याचं काय? खासगी नंबरच्या गाडीत भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. आधी आरटीओत चौकशी करा.

उत्तरं मिळाली, की मग खुशाल वर्गणी काढा. नाहीतर नवी कोरी गाडी गेटजवळ उभी राहील आणि आजी रिक्षाची वाट बघत बसतील.