परत पाठवणाऱ्यांची काळी यादी कशाला?

घरून साड्या, शिवलेल्या नऊवारी, दागिने विकणाऱ्या दादर-परळकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाडवा किंवा गणपती उलटले की एक मागणी पुन्हा डोकं वर काढते. सारखा माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर, पत्ते गोळा करा, यादी सगळीकडे फिरवा आणि कुणीही त्यांना माल देऊ नका. या मागणीमागचा संताप खरा आहे. यादीची कल्पना मात्र वाईट आहे.

संताप का येतो, ते आधी पाहू. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत मिरवून आलेली नऊवारी ओळखायला काही दिव्यदृष्टी लागत नाही. पाकीट फोडलं की आधी अत्तराचा आणि सुकलेल्या मोगऱ्याचा वास. काठाला रस्त्याची धूळ, खांद्याजवळ सेफ्टी पिनेची दोन भोकं, आणि लेबल वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने पुन्हा टाचलेलं. कारण काय लिहिलंय? 'साइझ बसला नाही.' जाण्याचं भाडं विक्रेतीच्या माथी, येण्याचंही तिच्याच. नवी म्हणून ती नऊवारी विकता येत नाही, आणि सण सरल्यावर पडत्या भावातही तिला कुणी विचारत नाही. ही सरळ फसवणूक आहे. तिला 'माल परत करणं' म्हणणं हा निव्वळ सभ्यपणा झाला.

पण यादीवाले इथे थांबत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की जो वारंवार परत करतो तो लबाडच. हे मला मान्य नाही. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन बघा. गादीवर बसलेला सेल्समन साडीवर साडी उलगडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो, वरून चहा मागवतो. तासाभराने मायलेकी 'जरा पुढे बघून येतो' म्हणून उठतात. त्या दोघींची काळी यादी कुणी केली? पुन्हा घड्या घालायची मजुरी तो दुकानदार धंद्याचा खर्चच धरतो. ऑनलाइन खरेदीत हेच बघणं-नाकारणं पैसे भरल्यानंतर घडतं, आणि मध्ये कुरिअरचं भाडं शिरतं. फोटोतला राणी रंग हातात आल्यावर किरमिजी निघाला, 'फ्री साइझ' कमरेला पुरला नाही, तर बाईने काय करावं? चार वेळा परत करणारीच्या चारही तक्रारी खऱ्या असू शकतात.

यादीवाल्यांकडून दाखला मोठ्या कंपन्यांचा दिला जातो. असोस या ब्रिटिश कपडे कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलं, की परतीचा गैरवापर करणाऱ्यांची खाती बंद होऊ शकतील. केलं ना? हो. पण ते दार त्यांचं स्वतःचं होतं. आपल्या दुकानात कुणाला माल द्यायचा नाही हे ठरवणं वेगळं, आणि त्या माणसाचा नंबर शे-दोनशे अनोळखी लोकांच्या हाती देणं वेगळं. गिऱ्हाइकाने नंबर दिला तो पार्सल पोचावं म्हणून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला, पण एवढं कळायला कायद्याचीही गरज नाही. शिवाय लालबाग-परळच्या चाळीत एका पत्त्यावर शंभर बिऱ्हाडं. पार्सल खालच्या वाण्याकडे ठेवलेलं, मोबाइल भाच्याचा, ऑर्डर मावशीची. यादीत नाव नक्की कुणाचं चढवणार? आज मावशीचं चढलं तर उद्या अख्खी चाळ बाद.

'पूर्वी असले लाड नव्हते' असंही ऐकू येतं. नव्हतेच. बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असायचं आणि गिऱ्हाईक गप्प बसायचं. त्या गप्प बसण्याला शिस्त समजण्याचं कारण नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. परळच्या पुरवठा भवनात ग्राहक मंचाच्या पायऱ्या चढलेल्यांना असल्या पाट्यांची किंमत चांगली ठाऊक आहे.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. 'सात दिवसांत परत करायचा मला कायद्याने हक्क आहे' हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं, की विक्रेतीलाही ते खरं वाटतं. असा हक्क आपल्याकडे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट, वर्णनाशी न जुळणारा किंवा सांगितल्या वेळेनंतर आलेला असेल, तर तो परत घ्यावाच लागतो. मन बदललं म्हणून परत घेणं ही विक्रेत्याने स्वतःहून दिलेली सवलत आहे. युरोपात असा हक्क खरोखर आहे, १४ दिवसांचा. पण तिथेही परतीचं भाडं गिऱ्हाइकावर टाकता येतं, आणि वस्तू वापरून तिची किंमत उतरली असेल तर तेवढे पैसे कापता येतात.

मग ही सवय लागली कुठून? बड्या ॲपवाल्यांनी लावली. 'मनसोक्त मागवा, आवडलं नाही तर फुकट परत' हे आमिष त्यांचं, आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा छोट्या विक्रेत्यांच्या खात्यातून वळता. गिऱ्हाइकाला वाटतं कंपनीचं नुकसान होतंय, तिला काय फरक पडतो. फुकट परतीचं हे सोंग मोठ्यांनाही पेलेना. झारा या कपड्यांच्या कंपनीने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये टपालाने परत येणाऱ्या मालावर शुल्क लावलं.

छोट्या विक्रेतीनेही तेच करावं, बेधडक. दोष आपला असेल तर दोन्ही बाजूंचं भाडं आपलं, आणि पैसे वाद न घालता परत. आवडलं नाही म्हणून परत येत असेल तर भाडं गिऱ्हाइकाचं. कंबर, उंची, काष्ट्याची लांबी इंचांत लिहावी, आणि फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढावा. सील पदराच्या दर्शनी बाजूला असं लावावं, की ते तोडल्याशिवाय नेसून बाहेर पडता येणार नाही. तुटलं असेल तर परत घेणार नाही, सदोष माल सोडून. 'पाकीट फोडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही' ही सध्याची फॅशन मात्र सोडावी. असा व्हिडिओ कायदा मागत नाही, आणि एका हाताने कात्री, दुसऱ्याने मोबाइल धरायला सगळ्यांकडे सवड नसते.

एवढं करूनही तीच बाई तिसऱ्यांदा वापरलेला माल पाठवते? तिला फोन करावा, काय सापडलं ते शांतपणे सांगावं, आणि पुढची ऑर्डर घेऊ नये. गटावर अवाक्षर काढू नये. 'अशाने गिऱ्हाईक तुटेल' हा शेवटचा आक्षेप. तुटेल, थोडं. पण पाडव्यापुरतं फुकट मिरवायला येणारंच आधी तुटेल. त्यासाठी एक अट सणाच्या महिनाभर आधीच लावून ठेवावी: पाडव्याच्या आठवड्यातल्या ऑर्डरी, माल सदोष नसेल तर, परत घेतल्या जाणार नाहीत.