युरोपातल्या मोलकरणींचा इतिहास आपल्याला कशाला?

देऊळघाटला आमच्या गटाचा महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग असतो. बचतीचे हिशोब आटोपले की तासभर. गेल्या पावसाळ्यात मी सुचवलं, की पुढचे तीन वर्ग सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपच्या समाजावर घेऊ. राजे आणि लढाया नव्हेत. तिथल्या मोलकरणी, सुइणी, विधवा, टाकलेली पोरं. आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी तिथल्या तिथे मोडता घातला. "पैनगंगेचं पाणी पिणाऱ्या बायकांना टेम्सचं काय सांगत बसतेस? इथे मजुरीचा प्रश्न आहे, दारूचा आहे." पुढे जिल्ह्याच्या बैठकीतही हाच सूर निघाला. कुणी म्हणालं, हा पुण्या-मुंबईच्या प्राध्यापिकांचा छंद. कुणी म्हणालं, गोऱ्यांचा इतिहास वाचायचा तर आपली ताराबाई कधी वाचायची?

ताराबाईचं नाव निघालं म्हणूनच हे लिहिते आहे. मला युरोपच्या त्या काळाकडे ढकललं ते ताराबाईनंच. आणि एका पोरीनं.

पोरीचं आधी सांगते. गाव, वर्ष, ठाणं सांगणार नाही. एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली. नाल्याकाठी पुरलेलं अर्भक कुत्र्यांनी उकरलं आणि गावभर बोभाटा झाला. पोलिसांनी आशाताईकडे गावातल्या बिनलग्नाच्या पोरींची यादी मागितली. फक्त पोरींची. तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं आणि चारजणांदेखत तिची छाती दाबून दूध येतं का ते पाहिलं. मी संस्थेतर्फे भेटायला गेले तेव्हा तिच्या अंगात ताप होता, ती दोन दिवस जेवलेली नव्हती. माझ्या हातात फॉर्म होता. त्यातल्या रकान्याप्रमाणे मी पहिला प्रश्न विचारला, "बाप कोण?" एम.एस.डब्ल्यू. झालेल्या बाईनं विचारलेला पहिला प्रश्न. तिनं उत्तर दिलं नाही, भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ती 'मातृत्वाला काळिमा' होती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका पुस्तकात मला सम्राट पाचव्या चार्ल्सचा १५३२चा फौजदारी कायदा भेटला. 'कॅरोलिना' म्हणतात त्याला. जर्मन प्रदेशांत तो चालत असे. त्याच्या ३६व्या कलमात लिहिलं आहे, की एखाद्या मुलीनं लपून मूल जन्माला घालून मारल्याचा संशय असेल, तर तिच्या स्तनांत दूध आहे का ते पाहावं. दूध असेल तर कबुलीसाठी तिचा छळ करायला तो पुरेसा आधार समजावा. गंमत अशी, की त्याच कलमात पुढे म्हटलं आहे, काही वैद्यांच्या मते गरोदर न राहिलेल्या बाईलाही दूध येऊ शकतं, तेव्हा मुलीनं तसं सांगितलं तर सुइणींकरवी अधिक चौकशी करावी. म्हणजे १५३२च्या कायद्याला जी शंका आली, ती आमच्या दवाखान्यातल्या कुणाच्याही मनाला शिवली नव्हती.

आपण मोर्च्यात, पत्रकात पटकन म्हणून जातो, 'ही मध्ययुगीन मानसिकता आहे.' मीही म्हणत आले. आता मला हा शब्द खुपतो. बाईच्या पोटावर पाळत ठेवणारे हे कायदे अंधाऱ्या मध्ययुगाचे नाहीत. छापखाना आला, धर्मसुधारणा झाली, न्यायालयांचं दप्तर नीट ठेवलं जाऊ लागलं, सरकार प्रत्येक माणसाची नोंद मागू लागलं, त्या काळाचे हे कायदे. आधुनिकतेच्या पहिल्या पिढीतले. 'मध्ययुगीन' म्हटलं की वाटतं, थोडं शिक्षण, थोडी प्रगती झाली की जाईल. पण ज्याची मुळंच प्रगतीच्या मांडवात आहेत ते कसं जाणार?

फ्रान्समध्ये दुसऱ्या हेन्रीनं १५५६ साली हुकूम काढला. जिनं गरोदरपण आणि बाळंतपण दोन्ही लपवलं, आणि जिचं मूल बाप्तिस्म्याविना मेलं, ती खुनी धरली जाईल, शिक्षा मरणाची. मग बिनलग्नाच्या गरोदर बायकांनी अधिकाऱ्यापुढे जाऊन तशी नोंद करण्याची रीत पडली. हा हुकूम विसरू नये म्हणून दर तीन महिन्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवावा असंही पुढे फर्मान निघालं. इंग्लंडमध्ये १६२४ साली कायदा झाला. तो फक्त अविवाहित बायकांसाठी होता. मेलेलं मूल लपवलं म्हणजे मारलंच. ते मेलेलंच जन्मलं हे आईनं निदान एक साक्षीदार आणून सिद्ध करावं. एकटीनं, रात्री, मालकाच्या घरात तोंडात बोळा कोंबून बाळंत होणाऱ्या मुलीनं साक्षीदार कुठून आणायचा?

आणि या मुली बहुतेक मोलकरणीच होत्या. वायव्य युरोपात गरिबाघरची पोरगी चोविशी-पंचविशीपर्यंत दुसऱ्याच्या घरी राबून लग्नापुरते पैसे साठवत असे. दिवस गेले की नोकरी गेली, निवारा गेला, साठवलेलं अब्रूचं भांडवलही गेलं.

आमच्या वर्गात मी अ‍ॅन ग्रीनची गोष्ट सांगितली. (तीन वर्ग मिळाले नाहीत, एक मिळाला.) ऑक्सफर्डजवळ सर टॉमस रीड नावाच्या जमीनदाराच्या घरी अ‍ॅन मोलकरीण होती. वय बाविसेक. मालकाच्या नातवापासून तिला दिवस गेले. कष्टाचं काम करताना अवेळी गर्भ पडला. गर्भ वीतभर लांबीचा. हा जीव जगलेलाच नव्हता असं सुइणीनं सांगितलं. तरी १६२४चा कायदा उभा होता आणि फिर्यादीला खुद्द मालक होता. १४ डिसेंबर १६५० रोजी तिला फाशी दिलं. जीव लवकर जावा म्हणून तिच्याच माणसांनी तिच्या पायांना लोंबकळून ओढलं, छातीवर तडाखे दिले. अर्ध्या तासानं उतरवून प्रेत डॉक्टरांकडे चिरफाडीसाठी पाठवलं. पेटी उघडली तर घशात घरघर ऐकू आली. विल्यम पेटी आणि टॉमस विलिस या डॉक्टरांनी तिला शेकलं, ऊब दिली, औषधं दिली, आणि अ‍ॅन जगली. देवानंच निर्दोष ठरवलं म्हणून तिला माफी मिळाली. पुढे तिनं लग्न केलं, तिला तीन मुलं झाली.

गोष्ट संपली तेव्हा सगळ्याजणी गप्प होत्या. मग कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशीनं विचारलं, "पन ताई, त्या मालकाच्या नातवाचं काय झालं?" खटल्यात आरोपी एकटी अ‍ॅन होती, मी सांगितलं. शेजारच्या खाला म्हणाल्या, "बस, आपल्या गावचीच गोष्ट आहे." टेम्स आणि पैनगंगेतलं अंतर त्या दोघींनी पाच मिनिटांत संपवलं, जे आमच्या जिल्हा बैठकीला दोन तासांत जमलं नाही.

चेटकिणींबद्दल आपल्या शिबिरांत बोललं जातं, पोस्टरं असतात, आणि ते योग्यच आहे. पण एक आकडा बघा. काल्व्हिनच्या जिनिव्हात १५९५ ते १७१२ या काळात चेटकाच्या आरोपाखाली १२२ जणांवर खटले झाले, त्यांपैकी १९ जणांना मरण आलं. बालहत्येच्या आरोपाखाली ३१ बायका आल्या, त्यांतल्या २५ जणींना. चेटकीण म्हणून पकडलेली सुटण्याची आशा तरी होती. या मोलकरणींची पोस्टरं मात्र कुणी केली नाहीत. चेटकीण निरपराध होती हे आज कुणालाही पटतं. या पोरींच्या हातून कधी कधी मूल खरंच मेलेलं असे, आणि तिथे आपलीही जीभ अडखळते.

आता माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना थोडं. समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी १६०१चा एलिझाबेथचा 'गरिबांचा कायदा' पाठ केला आहे. सक्षम गरीब, अक्षम गरीब, परावलंबी मुलं. दहा मार्कांचा प्रश्न. कल्याणकारी राज्याची गंगोत्री म्हणून तो शिकवला जातो. त्याच्या मागचापुढचा धागा कुणी शिकवला? १५७६च्या कायद्यानं, गावाच्या खर्चावर पडणाऱ्या अनौरस मुलाच्या आईबापांना शिक्षा आणि पोटगी ठरवली. १६१०च्या कायद्यानं अशा आईला वर्षभर सुधारगृहात घातलं. 'गावाच्या खर्चावर पडणाऱ्या' हे शब्द महत्त्वाचे. पैसेवाल्या घरानं मूल पोसलं तर हा कायदा तिकडे फिरकत नसे. प्रश्न शीलाचा नव्हता, पट्टीचा होता. म्हणून ऐन कळांमध्ये सुईण अडून बसे, बापाचं नाव सांग, मगच हात लावते. म्हणजे गावाला वसुली करता येईल. हे वाचताना मला माझ्या फॉर्मचा पहिला रकाना दिसत होता. आपल्या व्यवसायाची ही आजी. तिनं लंगर चालवला हे शिकलो, तिनं कुणाला उंबऱ्याबाहेर लोटलं ते शिकलो नाही.

हे सगळं आपल्याकडे आलं कसं? इंग्लंडनं १६२४चा कायदा १८०३ साली मोडला. त्याआधी विल्यम हंटर या प्रसिद्ध डॉक्टरनं १७८४ साली छापलेल्या निबंधात लिहिलं होतं, की अर्भकाचं फुप्फुस पाण्यावर तरंगलं म्हणजे ते जिवंत जन्मलं, ही चाचणी भरवशाची नाही. आणि खरा गुन्हेगार बहुधा मुलाचा बाप असतो. नव्या कायद्यात खून सिद्ध झाला नाही तरी जन्म लपवल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद राहिली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१८ आलं. मूल जन्माआधी मेलेलं असो, जन्मताना की नंतर, प्रेताची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवला तर दोन वर्षांपर्यंत कैद. तीच दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, गुलामगिरीच्या खुणा पुसल्याचा गाजावाजा झाला. ३१८चं काय झालं? ते कलम ९४ झालं. मजकूर जवळपास शब्दशः तोच. इंग्लंडात लपवणुकीचा गुन्हा अजून आहे, पण बाळंतपणाच्या धक्क्यात आईच्या हातून मूल गेलं तर तिला फासावर चढवू नये म्हणून तिथे १९२२ साली वेगळा कायदा झाला. आपल्याकडे आजही असा कायदा नाही. ती सरळ खुनाची आरोपी.

आता ताराबाई. ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याची. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती कमी होऊन काळं पाणी, मग आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांतून बाईच्या जातीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' निघालं. बाईवर लादलेला एकेक दोष उचलून तो पुरुषांत किती आहे ते ताराबाईनं मोजून दाखवलं. फसवणारा कोण, हा तिचा प्रश्न. म्हणजे आमच्या मावशीचाच.

पण विजयालक्ष्मीच्या गळ्यात काय काय होतं ते एकट्या इथल्या इतिहासातून कळत नाही. विधवेचं लग्न १८५६ पासून कायदेशीर होतं, तिच्या जातीत नव्हतं. ते बंधन इथलं, आपलं, हजार वर्षं जोपासलेलं. बाळंतिणीवर चाललेला खटला, साहेबाचं कोर्ट, साहेबाचा दंडविधान, हे तिकडचं. जे मित्र सांगतात की इंग्रज येण्याआधी आपल्याकडे सगळं आलबेल होतं, त्यांना मला पहिलं दाखवायचं आहे. जे सांगतात इंग्रजांनी आपल्या बायकांना मुक्त केलं, त्यांना दुसरं. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते या दोघांच्या मधल्या जागेत. विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा न्यावं. जे लपवणं कायद्याला गुन्हा वाटत होतं, त्या लपवण्याला त्यांनी छप्पर दिलं.

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यायचा आहे. एक कार्यकर्ती म्हणाली, "आपल्या जिल्ह्यात मुलींचं प्रमाण घसरलेलं, सोनोग्राफीविरुद्ध आपण गळे काढतो, आणि तू अर्भक मारणारीची बाजू घेतेस?" नाही घेत. मुलगी नको म्हणून घरच्यांनी ठरवून, पैसे मोजून केलेला गर्भपात वेगळा. त्यात घराची अब्रू वाढते. नाल्याकाठी एकटी गेलेली पोरगी वेगळी. दोन्हींना एकच शिवी देणं हे पेपरवाल्यांचं काम आहे, आपलं नव्हे. तिच्यासाठी नाल्याआधी काय होतं ते विचारू या. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. अठराच्या आतली पोरगी आली तर २०१२च्या पॉक्सोप्रमाणे पोलिसांना कळवणं भाग. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं संमतीच्या संबंधातल्या अशा मुलीचं नाव न कळवण्याची मुभा डॉक्टरांना दिली, ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलेली मी पाहिलेली नाही. आणि अठरापुढची बिनलग्नाची पोरगी गेली, तर खिडकीवरच मोठ्यानं विचारतात, "नवऱ्याचं नाव?" दुसऱ्या हेन्रीचा तो नोंदणी अधिकारी असाच खिडकीत बसत असेल.

आमच्या त्या पोरीचा खटला अजून उभा राहिलेला नाही. ती जामिनावर आहे, मामाच्या गावी असते, कापूस वेचायला जाते. आमच्या संस्थेच्या फॉर्मवरचा 'मुलाच्या वडिलांचे नाव' हा रकाना पहिल्या पानावरून काढावा आणि तिथे 'प्रकृती, जेवण, सोबत कोण' हे घालावं, असा अर्ज मी दिला आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवू म्हणतात.