अंगठेबहाद्दर साहेब

माझी सारी उमेद एका बँकेच्या काउंटरमागे खर्ची पडली. आमचे साहेब हा त्या शाखेतला एक स्वतंत्र ऋतूच होता. त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की छताचे पंखेसुद्धा जोरात फिरू लागतात, असं आमचा शिपाई शपथेवर सांगे. पाच मिनिटं उशीर झाला की मस्टरवर तांबडी रेघ, टाचण्यांचा हिशेब, आणि लेजरमध्ये खाडाखोड दिसली की "हे काय, बायकोला लिहिलेलं पत्र आहे का?" अशी जाहीर चौकशी. या गृहस्थाची बाजू घेऊन मी कधी भांडायला उभा राहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आज मी तेच करणार आहे. त्याला कारण माझी पुतणी.

पुतणी पुण्याला आमच्याकडेच राहते. ऑनलाइन वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी आहे. काम काय, तर चॅटवर गिऱ्हाइकांची समजूत घालणं. एका वेळी तीन गिऱ्हाइकं. आमच्या काउंटरवर निदान रांग असे. इथं तिघंही एकदम खिडकीत तोंड घालून ओरडतात. परवा रात्री झोप येईना म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. कोणा सद्गृहस्थांना कुकर पोचला होता, शिट्टी पोचली नव्हती. ती उणीव ते स्वतःच भरून काढत होते. कॅपिटल अक्षरांत सुरुवात करून ते पुतणीच्या शिक्षणावर, तिथून संस्कारांवर आणि शेवटी आमच्या कुळावर आले. ही बापडी 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे कंपनीनं दिलेलं तयार वाक्य पुन्हा पुन्हा पाठवत होती.

"अगं, साहेबांना सांग की!" मी म्हणालो.

"काका, आमचे साहेब फार चांगले आहेत," ती म्हणाली. "ते कशातच लक्ष घालत नाहीत."

मला आधी वाटलं, ही नशीबवान आहे. मग हळूहळू उलगडा झाला. पाचशे रुपयांच्या वर परतावा द्यायचा तर साहेबांची मंजुरी लागते. पावणेदहाला तिनं विचारलं होतं, 'यांना पैसे परत द्यावेत की नवा कुकर पाठवावा?' अकरा वाजता साहेबांचं उत्तर आलं. नुसता अंगठा. उभा, पिवळा, हसतमुख अंगठा! आता तुम्हीच सांगा, 'हे की ते' या प्रश्नाला अंगठा हे उत्तर कोणत्या व्याकरणात बसतं? आमच्या वेळी सही न येणारे खातेदार अंगठा उठवीत. पण त्याचा अर्थ निदान कोर्टात टिकत असे.

एकलव्याची गोष्ट आठवते ना? त्याला द्रोणाचार्यांनी एक अक्षर शिकवलं नाही. पोरगा आपला पुतळ्यासमोर उभा राहून शिकला. आणि गुरुजी उगवले ते थेट मूल्यमापनाच्या दिवशी, अंगठा मागायला. पुतणीचे साहेबही महिनाअखेरीस उगवतात. "तुझे स्टार कमी झालेत. तू ओनरशिप घेत नाहीस." ओनरशिप घ्यायची हिनं, आणि पाचशे एक रुपये द्यायचे तर विचारायचं त्यांना! चिडलेल्या गिऱ्हाइकानं दिलेला एक स्टार जातो हिच्या नावावर आणि तिथून पगारावर. बरोबर लागलेल्या नऊ मुलींपैकी सहाजणी आठ महिन्यांत सोडून गेल्या. ही रात्री दोनला दचकून उठते आणि मोबाइल बघते.

यावर आमच्या कट्ट्यावरचे एक सुधारक म्हणाले, "तुम्हाला हुकूमशहाच हवेत! आजकाल माणसांना स्वातंत्र्य लागतं." या प्रश्नाचा निकाल पंडितांनी केव्हाच लावून ठेवला आहे. कुर्ट लेविन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत आयोवा इथं दहा-दहा वर्षांच्या मुलांची मंडळं करून त्यांना मुखवटे वगैरे करायला लावले. कुठं हुकूम सोडणारा मोठा माणूस, कुठं विचारविनिमय करणारा, आणि कुठं 'करा काय ते' म्हणून अलिप्त बसणारा. १९३९ साली हे प्रसिद्ध झालं. अलिप्त गृहस्थाच्या मंडळात काम सर्वांत कमी आणि सर्वांत सुमार झालं. पुढं खुद्द गुगलनं सुरुवातीच्या काळात इंजिनियरांवरचे मॅनेजर काढून टाकले. मग खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन लोक थेट लॅरी पेज यांच्या दारात जाऊ लागले, आणि काही महिन्यांतच हा प्रयोग गुंडाळावा लागला. साऱ्या जगाला हवं ते शोधून देणाऱ्यांनाही हेडक्लार्क सापडेना तो नाहीच!

शिवाय चित्र काढणाऱ्याला एकटं सोडा, तो खूष होईल. जो लोकांच्या शिव्यांसमोर उभा आहे त्याला एकटं सोडणं याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. लढाईत त्याला दुसरा शब्द आहे.

१९८४ सालची गोष्ट. मी एक ड्राफ्ट चुकीच्या गावावर काढला. व्यापारी काउंटरवर मुठी आपटू लागला, माझ्या तीर्थरूपांपर्यंत पोचला. तेवढ्यात केबिनचं झुलतं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. "चूक माझ्या शाखेची आहे. त्याला नाही, मला बोला." व्यापारी बोलला, बरंच बोलला. साहेबांनी उभ्यानं ऐकून घेतलं, नवा ड्राफ्ट स्वतः करवून घेतला, त्याला चहा पाजला. मग मला केबिनमध्ये बोलावून दार लावून त्यांनी चाळीस मिनिटं माझी जी खरडपट्टी काढली, तिचा एक शब्दही बाहेर गेला नाही. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. आज ते असते तर पुतणीला त्यांच्या शाखेत चिकटवून दिलं असतं, टाचण्यांच्या हिशेबासकट.

हे सगळं मी तिला सांगत होतो, तेवढ्यात पडद्यावर कुकरवाले पुन्हा प्रकटले. या वेळी कॅपिटल अक्षरं नव्हती. बहुधा तेही थकले असावेत. त्यांनी साधंच विचारलं होतं, 'तुमच्या वर कुणी आहे का?'

पुतणीनं वर पाहिलं. मीही पाहिलं. वर पंखा होता, आणि तोही एकवर.