‘फोटोग्राफी’चा जोर कुठे?

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला सीमाभागातील विद्यार्थी अकरावीच्या विज्ञानवर्गात जातो, तेव्हा भोवतीची भाषा एका रात्रीत इंग्रजी होते. एखाद्या लांबलचक शब्दाच्या उच्चारावरून वर्गात हशा पिकतो आणि पुढे तो प्रश्न विचारणेच सोडून देतो. दोष मात्र मातृभाषेच्या माथी मारला जातो. माझा आक्षेप आहे तो याला.

मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. आपल्या उच्चारात वजन पडते ते दीर्घ अक्षरावर. म्हणून ‘फोटोग्राफी’ म्हणताना आपला जोर ‘ग्रा’वर येतो. इंग्रज हाच शब्द ‘फ-टॉग्-र-फी’ असा तोडतो, जोर ‘टॉग्’वर देतो आणि आपला भारदस्त ‘ग्रा’ जवळजवळ गिळून टाकतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. हा लहरीपणा वाटतो, पण यामागे नियम आहे. शब्दाचा शेवट ‘लॉजी’, ‘ग्राफी’ किंवा ‘मेट्री’ असा असला की आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर येतो. ‘इक’ असला की बहुधा शेवटून दुसऱ्यावर. ‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी’ या नऊ अवयवांच्या शब्दालाही हाच नियम लागू पडतो. जोर सातव्यावर, म्हणजे ‘लॉग्’वर. खरे तर इंग्रजीतील रोजचे चिमुकले शब्दच अधिक बेशिस्त. ग्रीक-लॅटिन घडणीचे हे अजस्र शब्द त्यामानाने कायदा पाळणारे.

अवयव तोडण्याचेही तसेच. ‘थर्मामीटर’ अर्थाने ‘थर्मो’ आणि ‘मीटर’, पण इंग्रजी जीभ त्याला ‘थ-मॉम्-इ-ट’ असे तोडते. यात आपल्याला नवल का वाटावे? ‘विद्यार्थी’ आपण लिहितो ‘वि-द्या-र्थी’, उच्चारतो ‘विद्-यार्-थी’ आणि संधी सोडवतो ‘विद्या + अर्थी’. वृत्ताचे लघु-गुरू मोजताना जोडाक्षरामागचा ‘वि’ गुरू का होतो, हे ज्या मुलाला मराठीच्या तासाला उमगले, त्याला अवयव म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

(‘किलोमीटर’चा जोर ‘कि’वर की ‘लॉ’वर, यावर खुद्द इंग्रजी भाषकांचेही एकमत नाही. त्यांना कोणी हसत नाही.)

तेव्हा अकरावीच्या आरंभी दोन तास, तेही मराठीतून, या नियमांसाठी द्यावेत. मराठी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी ते सुटीच्या दिवशी घेतले, तरी कोणाच्या परवानगीची गरज नाही.